रोजनिशी कल्पित चालेल, वाडाही कल्पितच हवा

कल्पित गोष्टीने आपण खऱ्या असल्याची बतावणी करावी की नाही, हा वाद जुना आहे आणि माझ्या मते तो कधीचाच निकालात निघाला आहे. करावी, खुशाल करावी. भयकथेचं तर त्यावाचून पान हलत नाही. वाद उरला आहे तो वेगळाच. ही बतावणी कुणाच्या घरात मांडायची? बेळगाव, खानापूर, निपाणीच्या या पट्ट्यात गावोगाव एखादा तरी वाडा कुलूप घालून उभा असतो. इथे हा प्रश्न कुणीतरी मोठ्याने विचारायला हवा, म्हणून हा लेख.

निमित्त एका अमेरिकन पुस्तकाचं आहे. ‘द डायरी ऑफ एलन रिंबावर’ हे पुस्तक २००१ साली आलं. सिॲटल शहरातल्या ‘रोझ रेड’ नावाच्या प्रचंड हवेलीच्या मालकिणीची ही रोजनिशी. सुरुवात १९०७ सालची, लग्नाच्या आधीची. तेलाच्या धंद्यात गबर झालेला नवरा, लग्नानंतरचा लांबलचक जगप्रवास, त्यात आफ्रिकेत आलेलं आजारपण, तिथे भेटलेली आणि पुढे जिवाची सोबतीण झालेली सुकीना, आणि बांधून पुरं व्हायच्या आधीपासूनच माणसं गिळायला लागलेलं घर. बायका नाहीशा होतात, पुरुष मरतात, घर मात्र वाढत राहतं. पुस्तकावर लेखकाचं नाव नाही. संपादक म्हणून एका विद्यापीठातल्या प्राध्यापिकेचं नाव आहे. ती प्राध्यापिका अस्तित्वात नाही, ते विद्यापीठ नाही, ती हवेली नाही आणि ती बाईही नाही. २००२ च्या जानेवारीत एबीसी वाहिनीवर स्टीफन किंगने लिहिलेली ‘रोझ रेड’ ही मालिका दाखवली गेली, आणि तिची हवा तयार व्हावी म्हणून हे पुस्तक आधी बाजारात आणलं होतं. लिहिणारा होता रिडली पिअर्सन हा कादंबरीकार. हे वाचकांना कळलं ते नंतर. तोवर कुणी म्हणे किंगनेच लिहिलंय, कुणी म्हणे त्याच्या बायकोने. आणि सिॲटलमध्ये असं घर होतं, त्यात अशी बाई राहत होती, असं मनापासून मानणारेही होते.

बेळगावात पुस्तक वाचून त्यावर भांडणारी माणसं अजून शिल्लक आहेत. १८४८ सालापासूनचं सार्वजनिक वाचनालय या गावात आहे. उचगाव, कडोली, येळ्ळूर, सांबरा अशा गावांतून साहित्य संमेलनं भरतात, ग्रंथदिंड्या निघतात, आणि शेतावरून परतलेली माणसं मांडी घालून भाषणं ऐकतात. तेव्हा हे इंग्रजी पुस्तक आमच्या वाचणाऱ्यांच्या घोळक्यात हातोहात फिरलं आणि त्यावरून जोरदार जुंपली, यात नवल काही नाही. मतं मात्र मला वाटलं होतं त्याहून फार वेगळी निघाली.

सगळ्यात जास्त चिडले ते इतिहास शिकवून निवृत्त झालेले एक सर. त्यांचा राग भुतावर नव्हताच, संपादकाच्या खोट्या नावावर होता. कादंबरी म्हणून काहीही लिहा, पण दस्तऐवज म्हणून जे पुढे ठेवता त्याची जबाबदारी घ्या, असं त्यांचं म्हणणं. अभियांत्रिकीला असलेल्या एका मुलाला हे पटेना. त्याला पहिल्यापासून ठाऊक होतं की सगळं रचलेलं आहे, तरी रात्री दिवा चालू ठेवून झोपावं लागलं. “खोटं म्हाईत असून भ्या वाटूलंय, मग फसवलं कुठं सर?” हा त्याचा सवाल. खडेबाजारात दुकान चालवणाऱ्या एक वहिनी बराच वेळ गप्प होत्या. मग म्हणाल्या, भुताचं त्यांना काहीच वाटलं नाही. नवऱ्याने बाहेरून आणलेला रोग त्या बाईच्या अंगात येतो आणि ते सांगायला तिला वहीशिवाय कुणी नाही, ते वाचून त्यांची झोप उडाली. एकाने तक्रार केली की १९०७ सालची घरंदाज बाई स्वतःच्या शरीराविषयी इतकं उघडं लिहीलच कशी. त्यावर वहिनींनी लगेच ऐकवलं, की बायका वहीत काय लिहितात ते तुम्हाला कुठून माहीत असणार.

माझं मत वहिनींच्या बाजूने पडतं. ते पुस्तक भूतकथा म्हणून मधल्या भागानंतर ढिलं पडतं. एकामागून एक माणसं गायब होतात आणि प्रत्येक वेळी भीती थोडी कमी होत जाते. शेवटही अर्धवट लागतो, कारण उरलेलं मालिकेसाठी राखून ठेवायचं होतं, हे लपत नाही. पण एका श्रीमंत घरात कोंडलेल्या बाईचा संसार म्हणून ते पकड घेतं. पोटची मुलगी घरातल्या घरात हरवते आणि आई भिंतींशी बोलू लागते, तिथे आपण भूत आहे की नाही हे विचारायचंच विसरतो.

मग रोजनिशीच का? सरळ कादंबरी का नको? दुसऱ्याची वही उघडणारा माणूस चोरून वाचत असतो, आणि चोरून वाचलेल्या मजकुरावर विश्वास लवकर बसतो. लिहिणारीला उद्या काय होणार ते माहीत नसतं. किती पानं उरली ते आपल्या बोटांना मात्र कळत असतं. मधल्या चार दिवसांच्या नोंदीच नाहीत, म्हणजे त्या चार दिवसांत काहीतरी घडलं. हे सामर्थ्य फार पूर्वी लोकांच्या लक्षात आलेलं आहे. १७१९ साली ‘रॉबिन्सन क्रूसो’ आली तेव्हा शीर्षकपानावर डीफोचं नाव नव्हतं, ‘त्याने स्वतः लिहिलेली’ हकिगत म्हणून ती छापली होती. १८९७ सालची ‘ड्रॅक्युला’ तर जवळजवळ सगळीच रोजनिश्या, पत्रं आणि वर्तमानपत्रातल्या बातम्या यांची बनलेली आहे. तेव्हा लेखकाने वहीचा आव आणणं यात गैर काही नाही. सरांशी माझं इथे जमत नाही.

पण सर का चिडले ते मला कळतं, आणि ते फक्त इतिहासाचे शिक्षक म्हणून चिडले नाहीत. ते या भागातले आहेत. आपल्याकडे कागद ही साधी गोष्ट कधीच नव्हती. इंग्रजांचं इनाम कमिशन आठवा. इनामांच्या सनदा तपासायचं काम सुरू झालं ते याच दक्षिण मराठा मुलखात, १८४३ साली. पुढे १८५२ च्या कायद्याने ते मुंबई इलाख्यात पसरलं. ज्यांच्याकडे सनद होती त्यांची जमीन राहिली, ज्यांची सनद वाळवीने खाल्ली किंवा बनावट ठरली त्यांची गेली. नंतर १९५६ ची राज्य पुनर्रचना, सीमावादासाठी १९६६ साली नेमलेला महाजन आयोग, १९६७ चा त्याचा अहवाल, आणि २००४ सालापासून सर्वोच्च न्यायालयात पडून असलेला महाराष्ट्राचा दावा. कुठल्या गावात कोण कुठली भाषा बोलत होतं हे ठरवायला जुने कागद काढणारी माणसं आपण घरोघरी पाहिली आहेत. एका बाजूचा माणूस एक कागद पुढे करतो, दुसरा त्याला खोटा म्हणतो, आणि दोघांचं आयुष्य त्या कागदावर टांगलेलं असतं. अशा ठिकाणी कुणी कल्पित वहीला ‘सापडलेली खरी वही’ म्हणालं की इथला माणूस सिॲटलच्या वाचकापेक्षा जास्त दचकतो. दचकावंच.

तरीही त्या अमेरिकन पुस्तकाला मी दोष देत नाही, आणि त्याचं कारण साधं आहे. त्याने घर स्वतःचं बांधलं. सिॲटलमध्ये रोझ रेड शोधत फिरणाऱ्या वाचकाला काही सापडत नाही, कारण तिथे काही नाहीच. मालिकेसाठी वापरलेला थॉर्नवूड वाडा तिथून दक्षिणेला, टकोमाजवळ आहे, आणि रिंबावरांच्या गोष्टीशी त्याचा काही संबंध नाही. रिंबावर आडनावाच्या कुण्या खऱ्या घराण्याची अब्रू त्यात गेली नाही. बतावणी केली, वाचकाला घाबरवलं आणि शोधणाऱ्याला मोकळ्या माळावर सोडून दिलं. कुणाचं काही बिघडलं नाही.

बिघडतं कुठे ते बघायचं तर न्यूयॉर्कजवळच्या ॲमिटीव्हिल गावातल्या घराकडे बघा. तिथे १९७४ च्या नोव्हेंबरात एका तरुणाने आपले आईवडील आणि चार भावंडं, अशा सहा जणांना झोपेत गोळ्या घातल्या. ही खरी घटना, खरी माणसं. पुढच्या वर्षाच्या शेवटी एक कुटुंब ते घर विकत घेऊन राहायला आलं आणि २८ दिवसांत घर सोडून गेलं. त्यांच्या सांगण्यावरून १९७७ साली पुस्तक निघालं, ‘सत्यकथा’ असा शिक्का मारून. ते अफाट खपलं, त्यावर चित्रपट निघाला. पुढे खुन्याच्या वकिलानेच सांगून टाकलं की ही भुताची गोष्ट त्याने आणि त्या कुटुंबाने दारू पीत बसून रचली होती. मधल्या काळात ज्यांनी ते घर घेतलं त्यांना भूत कधी दिसलं नाही, त्रास झाला तो माणसांचा. रात्री-अपरात्री अंगणात येणारे, खिडकीतून डोकावणारे. त्यांनी खटला भरला. घराचा क्रमांक बदलावा लागला, खिडक्या बदलाव्या लागल्या. आणि ती सहा माणसं? त्यांचा खून हा पुस्तकाला सजावट म्हणून उरला. मला यातली ही गोष्ट सगळ्यात क्रूर वाटते.

दुसरं उदाहरण जास्त गुंतागुंतीचं आहे, कारण त्यात गुन्हेगार कुणी नाही. रोझ रेडची कल्पना ज्या घरावरून सुचली असं सांगतात, ते कॅलिफोर्नियात सॅन होजे इथे आहे. सारा विंचेस्टर ही बंदुकांच्या कारखानदाराची विधवा. तिने १८८६ साली एक शेतघर घेतलं आणि १९२२ साली मरेपर्यंत ते वाढवत राहिली. लोकांनी गोष्ट रचली, की विंचेस्टर बंदुकीने मेलेल्यांचे आत्मे तिच्या मागे लागले होते, बांधकाम थांबलं तर ती मरणार होती. तिने स्वतः असं कुठे लिहून ठेवल्याचा पुरावा नाही. कुठेच न उघडणारी दारं, अर्ध्यात संपणारे जिने हे त्या घराचं मोठं आकर्षण. पण १९०६ च्या भूकंपात त्या घराचा मनोरा आणि बराच भाग कोसळला होता, आणि पडलेल्या सज्ज्याचं दार मागे राहिलं तर ते हवेतच उघडणार. ही कारणं कंटाळवाणी आहेत. म्हणून ती कुणी सांगत नाही. सारा गेल्यावर वर्षभरात घर तिकीट लावून लोकांना दाखवायला सुरुवात झाली. पैसा असलेली, एकटी राहणारी, कुणाला न भेटणारी, स्वतःच्या मनाने घर बांधणारी बाई लोकांना समजली नाही, तेव्हा त्यांनी तिला भुताने पछाडलेली ठरवून टाकलं. मेलेल्या बाईला उत्तर देता येत नाही.

आता आपल्याकडे या.

खानापूर तालुक्यातल्या एका गावात आमच्या नात्यातल्या लोकांचा वाडा आहे. गावाचं नाव मी घेत नाही, घेतलं तर या लेखाचा अर्थच जाईल. चिऱ्याचा चौथरा, मातीच्या जाड भिंती, वर कौलं, आत सोपा, माजघर, परसू, धान्याचं बळद. भावाभावांत वाटणी झालेली नाही, दावा बेळगावच्या कोर्टात, तरुण सगळे पुण्याला आणि गोव्याला. वाड्याच्या एका टोकाला सत्तरीतल्या अक्का एकट्या राहतात. दिवे लावतात, पावसाळ्याआधी कौलं चाळून घेतात. एका रात्री मोबाईल घेऊन काही पोरं मागच्या बाजूने आत शिरली. काही दिवसांनी चित्रफीत फिरू लागली: अमक्या गावच्या वाड्यात सापडलेली शापित वही. गावाचं नाव स्पष्ट घेतलेलं. वाड्याचं दार, देवळी, बळद सगळं दिसतंय. आणि एका तरुणाच्या हातात जीर्ण वही, तिच्यावर कुणाला न कळणारी अक्षरं, मागे घुमणारं संगीत. ती अक्षरं म्हणजे मंत्र आहेत, या घरच्या सुनेने करणी शिकताना लिहून ठेवलेले, असं तो सांगतो.

मोडी वाचणाऱ्या एका ओळखीच्या गृहस्थांना मी ती पानं थांबवून दाखवली. भाताचा हिशेब होता. कुठल्या कुळाकडून किती खंडी किती मण भात आलं, किती बाकी राहिलं, बी-भरणासाठी कुणाला किती उसनं दिलं. एका जागी एकाची बाकी माफ केल्याची नोंद होती, बैल मेला म्हणून. एवढंच. त्या गृहस्थांना ते पान इतकं आवडलं की मूळ वही पाहायला मिळेल का म्हणून ते मागे लागले. ती वही त्या रात्रीपासून वाड्यात नाही.

त्या चित्रफितीनंतर अक्कांच्या दारावर रात्री दगड पडू लागले. शिळोप्याच्या गप्पांना येणाऱ्या बायका यायच्या बंद झाल्या. शेजारची म्हैस आटली तेव्हा कुणीतरी अक्कांच्या घराकडे बघून थुंकलं. ज्याने बघितलं त्याने ती चित्रफीत पाहिली होती की नाही, मला सांगता येणार नाही. पण सत्तरीतली एकटी बाई, मोठं घर, आणि त्या घरच्या सुनेने करणी शिकल्याची गोष्ट, हे तिन्ही गावात एकत्र आल्यावर पुढे काय होऊ शकतं ते आपल्याला शिकवायची गरज नाही. रोझ रेडच्या एलनला या जगात कुणी दगड मारू शकत नाही. अक्कांना मारता येतो.

इथे माझे अंधश्रद्धा निर्मूलनाचं काम करणारे एक मित्र म्हणतात, मग मुळावरच घाव घाला, असल्या गोष्टी लिहूच नयेत. त्यांचं म्हणणं मी हलक्यात घेत नाही. आपण धारवाड आणि कोल्हापूर यांच्या मधोमध राहतो. २०१५ च्या फेब्रुवारीत कोल्हापुरात पानसऱ्यांवर गोळ्या झाडल्या गेल्या, त्याच वर्षी ऑगस्टात धारवाडला कलबुर्गींना दारात मारलं, आणि त्याच्या दोन वर्षं आधी पुण्यात दाभोलकरांना. या रस्त्यावर काम करणाऱ्या माणसाला ‘तुम्ही फार गंभीर होता’ असं म्हणायचा हक्क मला नाही. पण माणसं देवऋषाकडे कादंबरी वाचून जात नाहीत. डॉक्टर लांब असतो, औषध महाग असतं, मुलगा तीन वर्षं घरी बसलेला असतो, लेकीला मूल होत नाही म्हणून सासरचे रोज बोलतात. त्या पायवाटेने माणूस तिकडे पोचतो. कर्नाटकाने अघोरी प्रथांविरुद्धचा कायदा २०१७ साली मंजूर केला, तो २०२० च्या जानेवारीत लागू झाला. महाराष्ट्राचा २०१३ सालचा आहे. दोन्हींचा रोख माणसांना इजा करणाऱ्या आणि लुबाडणाऱ्या कृत्यांवर आहे. भुताची गोष्ट लिहिणं हा त्यांत गुन्हा नाही, आणि तसाच तो नसावा. ज्या मुलाने दिवा चालू ठेवून एलनची वही वाचली त्याला पुस्तक मिटता येतं. शेजारच्या घराविषयी ऐकलेली ‘सत्य घटना’ मिटता येत नाही, कारण ते घर सकाळीही तिथेच असतं आणि आतून धूर निघत असतो.

लिहिणारे म्हणतील, खऱ्या गावाशिवाय गोष्टीला माती कुठून मिळणार? माती घ्या, कोण नको म्हणतं. कणकुंबीचा पाऊस घ्या, मलप्रभा जिथून निघते तिथलं धुकं घ्या, जांबोटीच्या रानातली संध्याकाळ घ्या. तालुका खरा ठेवा, सणवार, देवचार आणि मुंजा, भात मळण्याचे दिवस सगळं खरं ठेवा. फक्त गाव आणि वाडा यांना नाव तुमच्या मनातलं द्या, आणि तो वाडा कुणाच्या ओळखीचा निघणार नाही एवढा बदला. एवढ्याने कथेचं काहीच कमी होत नाही. आपल्या मराठीत भयकथेची, गूढकथेची चांगली दणकट परंपरा आहे. तिने आपले वाडे स्वतःच बांधलेले आहेत.

मला तर अशी एखादी कल्पित रोजनिशी आपल्या मुलखातून यावी असं फार वाटतं. १९०७ सालीच सुरू होऊ दे. प्लेगच्या साथी चालू आहेत, गाव सोडून लोक शिवारात झोपड्या घालून राहिलेत, आणि वाड्यातली विधवा सून, नवऱ्याने हौसेने शिकवलेली अक्षरं चोरून वहीत गिरवते आहे. मोकळ्या गावात मागे राहिलेला वाडा रात्री कसला आवाज करतो ते ती लिहिते. आवाज उंदरांचा आहे, की उंदीर मेल्यावर जे येतं त्याचा, तिला ठाऊक नाही. ही वही ‘सापडली’ असं लेखकाने बेलाशक म्हणावं. मी ती पहिल्या दिवशी विकत घेईन आणि आमच्या वहिनींना वाचायला देईन.

एक गोष्ट मात्र वाचकांनीही स्वतःला विचारायला हवी. आपल्याला पडक्या वाड्यात भूतच का लागतं? नंदगडला १८३१ साली इंग्रजांशी लढलेल्या संगोळ्ळी रायण्णांना फाशी दिलं. फासावर माणूस गेलेली जागा, आपल्या रूढ समजुतीप्रमाणे तिथे रात्री कुणी फिरकू नये. पण लोक तिथे श्रद्धेने माथा टेकतात. कित्तूरच्या किल्ल्यातल्या पडक्या राजवाड्यात फिरताना माणसं राणी चन्नम्मांचं नाव घेतात, इंग्रजांशी झालेलं १८२४ चं युद्ध आठवतात. कुणाचा वाडा, कसा पडला, कुणी पाडला हे माहीत असलं की मोकळ्या भिंती आपल्याला भीती घालत नाहीत. आपल्या बाकीच्या वाड्यांना हे भाग्य नाही. एखादा इनाम गेल्यामुळे ओस पडला. एखाद्याची जमीन १ मार्च १९७४ पासून लागू झालेल्या कर्नाटकाच्या कूळ सुधारणेत कसणाऱ्यांकडे गेली, आणि ज्या कुळांनी पिढ्यान् पिढ्या घाम गाळला त्यांना ती मिळाली हे चांगलंच झालं. पण वाड्यातलं धान्य आटलं आणि माणसं नोकरीला बाहेर पडली. एखादा भाऊबंदकीत रखडला. ही सगळी कारणं घराघरातल्या पेटाऱ्यांत कागदावर पडून आहेत. काही मोडीत, काही बाळबोध, अलीकडची कन्नडमध्ये. घरातल्या तरुणाला मोडी येत नाही, आणि कन्नड कागद वाचायची बऱ्याच घरांत इच्छा नाही. त्यामुळे वाडा मुका झाला, आणि मुक्या घराच्या तोंडी कुणीही काहीही घालू शकतो.

म्हणून माझ्या मागण्या साध्या आहेत. प्रकाशकाने कल्पित रोजनिशी छापताना मुखपृष्ठावर हवा तेवढा आव आणावा, पण आतल्या पानावर, जिथे प्रकाशनवर्ष आणि हक्क छापतात तिथे, हे कल्पित आहे असं एका ओळीत लिहावं. ज्याला फसून घ्यायचं आहे तो ते पान वाचत नाही. ज्याला खरं जाणून घ्यायचं आहे त्याला वाट राहते. चित्रफिती काढणाऱ्यांनी ‘सत्य घटना’ हे शब्द वापरले तर घरमालकाची लेखी परवानगी दाखवावी, आणि रात्री कुलूप तोडून आत शिरणारा हा साहसी तरुण आहे की घरफोड्या, हे गावच्या पंचायतीने आणि पोलिसांनी एकदा ठरवून टाकावं. अक्कांनी त्या पोरांपैकी एकाला गाठून विचारलं होतं. गोष्ट काढून टाका असं त्या म्हणाल्या नाहीत. गावाचं नाव तेवढं काढा आणि वही परत द्या, एवढंच त्यांचं मागणं होतं. तो मुलगा म्हणाला, नाव काढलं तर कोण बघणार.

आणि गावोगावच्या संमेलनवाल्यांना एक विनंती. परिसंवाद, कथाकथन, कविसंमेलन हे सगळं असू द्या. त्यांत एक तास गावातल्या जुन्या वह्यांना द्या. कुणाच्या घरी काय आहे ते त्यांनी घेऊन यावं, मोडी जाणणाऱ्या एकाला बोलवावं, त्याने चार पानं सगळ्यांसमोर वाचावीत. भाताचा हिशेब निघेल, लग्नाचा खर्च निघेल, सत्याग्रहात तुरुंगात गेलेल्या एखाद्याची रोजनिशीही निघेल. वाचून झाल्यावर पानांचे फोटो काढून घ्यावेत आणि वही ज्याची त्याच्या हातात परत द्यावी.